झाकण उघडण्याआधी : शाळेच्या मधपेट्यांच्या प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर

पेट्यांची जागा आज ठरली. शाळेच्या मागच्या बाजूला, मैदानापासून लांब, दारं कुंपणाच्या मेंदीकडे. मेंदी माणसाच्या उंचीच्या वर गेलेली आहे. दारातून निघालेल्या माशीला समोर अडथळा दिसला की ती लगेच वर चढते आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जाते. शाळेत पेटी ठेवायची तर बाकी सगळं पुढेमागे चालेल, पण माश्यांची वाट मुलांच्या वाटेला आडवी जाता कामा नये. दारावर सकाळचं ऊन येतं, दुपारी सावली असते. पाण्यासाठी उथळ थाळी ठेवली आणि तिच्यात खडे टाकले. खडे नसतील तर माश्या बुडतात.

पालकांची संमतीपत्रं आली. पूर्वी कधी दंशानंतर अंगभर गांधी उठल्या असतील, चेहरा सुजला असेल किंवा श्वास लागला असेल, तर त्या मुलांनी पेटीजवळ जायचं नाही असं ठरलं. ही मुलं खिडकी गटात. मागच्या वर्गाच्या बंद खिडकीतून दोन्ही पेट्यांची दारं स्वच्छ दिसतात. सगळ्या तारखा, मोजणी आणि गणित या गटाकडे राहील.

प्रकल्पाचा नियम एकच ठेवला आहे आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे: प्रश्न लिहिल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आपण पाळणार ती सातेरी, म्हणजे एपिस सेराना. सतत छेडलं तर ही माशी पिल्लं टाकून, घर सोडून निघून जाते. शिवाय पिलाव्याजवळचं, म्हणजे पोळ्यात अंडी-अळ्या वाढतात तिथलं, तापमान माश्या ३४-३५ अंशांवर धरून ठेवतात आणि आपण झाकण काढलं की ती ऊब जाते. 'बघू या काय चाललंय' एवढ्यासाठी त्यांना ही किंमत मोजायला लावायची नाही.

८ ऑक्टोबर

रिकाम्या पेटीवर तास घेतला. तळपाट, पिलावा कक्ष, त्यावर मधकक्ष, आतलं झाकण, वरचं झाकण. मुलांनी पेटी तीनदा खोलून पुन्हा जोडली. मग विचारलं, ज्यांत माश्या पोळं बांधतात त्या दोन लाकडी चौकटींमध्ये आणि चौकट व भिंत यांच्यामध्ये इतकी नेमकी फट का सोडली आहे?

उत्तर १८५१ सालचं आहे. अमेरिकन मधपाळ लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आलं की साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या रस्ता म्हणून मोकळी सोडतात. फट मोठी झाली तर तिथे पोळं बांधतात, फारच लहान झाली तर बुजवून टाकतात. चौकट उचलून परत ठेवता येते ती या फटीमुळेच. त्याआधी बहुतेक ठिकाणी मध काढायचा म्हणजे पोळं कापायचं. साधी पेन्सिल जवळपास ७ मिलिमीटर जाड असते, म्हणून मुलांनी प्रत्येक फटीतून पेन्सिल घालून पाहिली. एका चौकटीची कड फुगलेली सापडली, ती तासून घेतली.

१२ ऑक्टोबर

संध्याकाळी, अंधार पडल्यावर मधपाळ काका दोन वसाहती घेऊन आले. दिवसा आणल्या असत्या तर बाहेर गेलेल्या माश्या मागे राहिल्या असत्या. पेट्यांखालच्या घोडीचे (लाकडी चौरंगाचे) चारही पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले, मुंग्यांसाठी. काका जाताना म्हणाले, "आठ-पंधरा दिवस हात लावू नका. दारावर बसा, दारच सगळं सांगतं."

१३ ऑक्टोबर

सकाळी दार मोकळं केलं. माश्या बाहेर आल्या, पण सरळ निघून गेल्या नाहीत. पेटीकडे तोंड करून हवेत आधी लहान, मग मोठी वळणं घेत राहिल्या. नवी जागा पाठ करण्याचं हे उड्डाण. खिडकी गटाने आकृती काढली आहे, ती इथे चिकटवली.

२० ऑक्टोबर

दारवही परवापासून सुरू झाली. पानावर मधोमध रेघ, डावीकडे 'दिसलं' आणि उजवीकडे 'वाटलं'. रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक दारावर पाच वेळा एकेक मिनिट मोजायचं: आत किती आल्या आणि त्यांतल्या कितींच्या मागच्या पायांवर पराग होता.

पहिले दोन दिवस 'वाटलं'ची बाजू भरून वाहत होती. माश्या चिडल्यात, माश्यांना भूक लागली आहे, माश्या भांडतात. 'दिसलं'मध्ये जेमतेम ओळ. आज ते उलटलं, आणि ते एका मुलीमुळे. आठवीतली ही मुलगी बराच वेळ पेटी एकच्या दाराकडे बघत होती. मग म्हणाली, "बाई, ह्या उलट्या बसल्यात."

दारात पाच-सहा माश्या पाय रोवून पंख हलवत होत्या. पेटीतली हवा खेळती ठेवण्याचं हे काम. वर्गातल्या तक्त्यावर हेच चित्र आहे, पण त्यातल्या माश्यांची डोकी दाराकडे आहेत. आमच्या माश्यांची डोकी बाहेर आणि पोटाची टोकं दाराकडे. बाकीच्या मुलांना वाटलं तिचंच काहीतरी चुकतंय. मी काहीच बोलले नाही, टिश्यू कागदाची एक बारीक पट्टी काडीला चिकटवून तिच्या हातात दिली. तिने ती बाजूने हळूच दारापाशी धरली. पट्टी दाराच्या दिशेने वळली. म्हणजे हवा आत जात होती.

तक्ताही खरा आहे आणि तीही खरी आहे. तक्ता युरोपीय मधमाशीचा, एपिस मेलिफेराचा. ती तोंड आत करून बसते आणि आतली हवा बाहेर ओढते. सातेरी तोंड बाहेर करून बसते आणि बाहेरची हवा आत ढकलते. हा फरक अभ्यासकांनी नोंदवलेला आहे, पण आमच्या मुलीला तो कुणी सांगितला नव्हता. तिने पाहिलं, तक्त्याशी जुळेना, तरी 'दिसलं'मध्ये जे दिसलं तेच लिहिलं. मला या प्रकल्पातून मुलांना जे द्यायचं आहे त्यातलं बरंचसं या एका ओळीत आलं.

तक्ता काढून टाकायचा नाही. त्याखाली मुलांनी काढलेलं सातेरीचं चित्र लावलं.

२८ ऑक्टोबर

पहिली उघडणी, पेटी एक. वहीतला प्रश्न: राणी काम करते आहे का?

मुलांना राणी बघायची होती, साहजिक आहे. पण या प्रश्नाच्या उत्तराला राणी दिसावीच लागत नाही, अंडी दिसली की पुरे. अंडं ३ दिवसांत उबतं. त्यामुळे पोळ्याच्या घरात अंडं असेल तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथून गेलेली आहे. राणी शोधायला अर्धा तास चौकटी उलटसुलट करण्यापेक्षा एक योग्य चौकट दोन मिनिटं बघणं माश्यांच्या दृष्टीने केव्हाही बरं.

सकाळचं ऊन चढल्यावर, वारा नसताना उघडलं. स्मोकरचे दोन हलके झोत. धूर कशासाठी? एक तर धोक्याचा गंध त्यात झाकला जातो, आणि धूर आला की माश्या मध पोटात भरून घ्यायला लागतात. मध्ये कडेची चौकट काढताना ती पेटीला जरा घासली, आणि सगळ्या पोळ्यांवरून एकदम फूत्कारासारखा आवाज सरकत गेला. मुलं दचकून मागे झाली. सातेरी असा आवाज करते. ती धमकी असते, हल्ला नव्हे. थांबायचं, हात स्थिर ठेवायचे. थांबलो, शांत झालं.

पाठीवर ऊन घेऊन चौकट जरा तिरकी धरली की उजेड थेट घरांच्या तळाशी पोहोचतो. अंडी दिसली. प्रत्येक घरात एक, तळाला मधोमध चिकटलेलं. पहिल्या दिवशीचं उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. मुलांनी एकाच चौकटीवर तिन्ही दाखवली. म्हणजे राणी केवळ आहे असं नाही, गेले तीन दिवस सलग अंडी घालते आहे. उत्तर मिळालं, झाकण लावलं. "राणी?" असं दोघांनी विचारलंच. मी म्हटलं, प्रश्न लिहून आणा.

११ नोव्हेंबर

दंश झाला. पाण्याची थाळी भरताना एका मुलाच्या बोटाला. हाताखाली माशी होती, ती दिसण्यासारखी नव्हती. त्याने आरडाओरडा केला नाही, शिकवलं होतं तसं नखाने नांगी लगेच खरवडून टाकली आणि लांब गेला. कामकरी माशीची नांगी काटेरी असते, कातडीत अडकून तुटते. विषाची पिशवी तिच्यासोबत राहते आणि माशी गेल्यावरही विष सोडत राहते. म्हणून नांगी कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व. चिमटा शोधत बसायचं नाही.

तिथून लांब जाण्याचं कारणही मुलांना माहीत हवं. नांगीबरोबर धोक्याचा गंध सुटतो आणि तो बाकीच्या माश्यांना त्याच जागी बोलावतो. त्यातला मुख्य घटक आयसोपेंटाइल अॅसिटेट, वास पिकल्या केळ्यासारखा. मुलाने बोट हुंगून सांगितलं, "खरंच येतो." बोट धुतलं, गार पाणी लावलं, अर्धा तास नजरेखाली बसवून ठेवलं. सूज बोटापुरती. घरी फोन केला.

१९ नोव्हेंबर

परागाचे रंग. मुलांनी दारावर बसून रंगपेट्यांतले खडू जुळवले: गर्द नारिंगी, फिकट पिवळा, मळकट पांढरा, एक करडा. मग शाळेच्या आसपासच्या फुलांतला पराग कागदावर झटकून रंग ताडून पाहिले. नारिंगी सूर्यफुलाचा निघाला, फिकट पिवळसर मक्याचा. मक्याला मकरंद नसतो, तरी माश्या परागासाठी जातात हे मुलांना नवीन होतं. करडा अजून सापडलेला नाही.

पराग पिलाव्याचं अन्न आहे, म्हणून परागाची आवक म्हणजे आत पिल्लं किती आहेत याचा दारावरून घेतलेला अंदाज. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं.

५ डिसेंबर

फळ्यावरचं ते वाक्य आज उपयोगी पडलं. खिडकी गटाने आलेख पुढे ठेवला. पेटी दोनची परागाची आवक सतत उतरते आहे आणि आता ती पेटी एकच्या निम्म्याहूनही कमी आहे. फुलं दोघींना तीच, हवा तीच. मग फरक आत आहे. प्रश्न लिहिला: पेटी दोनमध्ये अंडी आहेत का?

उघडली. अंडी नाहीत. उघड्या घरांत एकही अळी नाही. बंद पिलावा थोडा, पोळ्याच्या मधोमध विखुरलेला. आणि एका पोळ्याच्या अंगावर, कडेला नव्हे, भुईमुगाच्या शेंगेसारखं खाली लोंबणारं एक घर. त्याचं खालचं टोक गोल कापलेलं, झाकणी एका बाजूने लटकत होती.

बाहेर येऊन वर्गात बसलो. पुढचा तास या वर्षातला माझा सगळ्यात आवडता तास. खिडकी गटाने वाढीचा तक्ता फळ्यावर काढला. सातेरीच्या कामकरी माशीचं अंडं ३ दिवस, अळी साधारण ५ दिवस, मग घर बंद, आणि अंड्यापासून १८ ते २० दिवसांत माशी बाहेर. राणी १५-१६ दिवसांत.

उघडी अळी नाही म्हणजे शेवटचं अंडं घालून निदान ८ दिवस झाले. बंद पिलावा अजून शिल्लक आहे म्हणजे २० दिवस झालेले नाहीत. जुनी राणी या दोन्हींच्या मधल्या काळात गेली. ती गेल्यावर कामकऱ्यांनी एखादी कोवळी अळी निवडून तिला राणीचं खाद्य दिलं, पोळ्याच्या अंगावरचं ते घर त्याचंच. अशी घाईची राणीघरं पोळ्याच्या मध्ये असतात, वसाहत फुटायच्या (जुनी राणी काही माश्या घेऊन नवं घर करायला निघायच्या) तयारीतली बहुधा खालच्या कडेला. झाकणी गोल कापलेली आहे म्हणजे राणी आपणहून बाहेर पडली. दुसऱ्या राणीने मारली असती तर घर बाजूने फोडलेलं दिसलं असतं. कोवळी अळी निवडल्यापासून राणी बाहेर यायला साधारण ११-१२ दिवस लागतात, म्हणजे जुनी राणी जाऊन किमान तेवढे दिवस झालेत. मुलांनी ८ खोडून तिथे ११ लिहिलं.

आता नवी राणी आत आहे का? ती अजून अंडी घालत नसेल, दिसायला बारीक आणि चपळ, शोधून सापडायची शक्यता कमी. मिलनाच्या उड्डाणात पक्ष्याने टिपली असेल तर पेटीत राणीच नाही. आणि सातेरीत राणी नसली की थोड्याच दिवसांत कामकरी माश्या स्वतः अंडी घालू लागतात. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात आणि वसाहत संपते. त्यामुळे नुसतं वाट बघणंही धोक्याचं.

जुनी राणी का गेली, याचे तीन अंदाज 'वाटलं'मध्ये लिहिले. 'दिसलं'मध्ये त्यांच्यासमोर लिहायला काही नाही.

६ डिसेंबर

मधपाळ काकांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अंड्यांची एक चौकट देऊन बघता का?" हीच ती चाचणी. पेटी एकमधली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली चौकट पेटी दोनला द्यायची. राणी नसेल तर माश्या दोन-तीन दिवसांत तिच्यावर राणीघरं सुरू करतात. राणी असेल तर करत नाहीत. दोन्ही बाजूंनी उत्तर मिळतं, आणि राणी नसेल तर इलाजही तोच आहे.

चौकट देण्याआधी पेटी एकचा पिलावा नीट तपासला. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी आणि घराच्या तळाशी वळून पडलेली असते. थाई सॅकब्रूड या विषाणूरोगात अळी घर बंद व्हायच्या सुमाराला उताणी मरते, डोकं वर, आणि चिमट्याने उचलली तर पाणी भरलेल्या पिशवीसारखी निघते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या रोगाने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर गेल्या. एका पेटीतलं काही दुसऱ्या पेटीत नेण्याआधी हे बघणं कधीच टाळायचं नाही. पिलावा स्वच्छ होता. चौकटीवरच्या माश्या तिथेच झटकल्या, राणी चुकून सोबत जाऊ नये म्हणून एकेक बाजू दोघांनी पाहिली, आणि चौकट पेटी दोनच्या मधोमध बसवली.

९ डिसेंबर

प्रश्न: दिलेल्या चौकटीवर राणीघरं सुरू झाली का?

नाहीत. एकही नाही. अळ्यांना खाद्य मिळतं आहे, घरं नेहमीसारखी. म्हणजे माश्यांच्या मते राणी आत आहे. एका मिनिटात झाकण बंद.

१३ डिसेंबर

पेटी दोनची परागाची आवक वाढली. वर्गात आनंदीआनंद, "राणी अंडी घालायला लागली!" खिडकी गटातला एक मुलगा म्हणाला, "बाई, हे आपल्या चौकटीमुळे पण असेल. आपणच अळ्या दिल्यात ना त्यांना खायला घालायला." सगळे गप्प झाले, कारण त्याचं बरोबर होतं. ही वाढ राणीचा पुरावा होऊ शकत नाही.

मग पुरावा कधी मिळेल? त्यानेच गणित मांडलं. ६ तारखेला दिलेली सगळ्यात ताजी अंडी ९ पर्यंत उबली, त्यांची घरं १५ च्या आत बंद होतील. त्यानंतर पेटीत अंडं किंवा उघडी अळी दिसली तर ती दिलेल्या चौकटीतली असूच शकत नाही. शिवाय राणीला मिलनासाठी आणि नंतर अंडी सुरू करायला वेळ हवा, त्यात आपण झाकण उघडलं तर कोवळी राणी गडबडते. म्हणून २२ तारीख. तोवर पेटी दोनच्या जवळपासही फिरायचं नाही, फक्त खिडकीतून मोजणी.

२२ डिसेंबर

अंडी आहेत. प्रत्येक घरात एकेक आणि तळाशी. कामकरी माश्या अंडी घालतात तेव्हा एकेका घरात अनेक आणि भिंतींवर चिकटलेली दिसतात, तसं कुठेही नाही. लहान अळ्याही दिसल्या. बंद पिलाव्याचं झाकण सपाट, म्हणजे पिल्लं कामकऱ्यांची, पण तो पिलावा आपल्या दिलेल्या चौकटीतला. नव्या राणीचा पिलावा बंद झाल्यावर पुन्हा तेच बघायचं.

चौकट ठेवताना राणीही दिसली. लांबट पोट, चालण्यात घाई नाही. कुणी शोधत नव्हतं.

११ जानेवारी

नाच. फुलोरा वाढला आहे, आणि प्रश्न होता: पेटी एकच्या माश्या कुठल्या दिशेला जातात?

कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावला, १९७३ चं नोबेल त्यांना मिळालं. माशी पोट हलवत सरळ रेघेत चालते, वळून परत येते, पुन्हा तीच रेघ. अंधाऱ्या पेटीत, उभ्या पोळ्यावर, 'वर' म्हणजे सूर्याची दिशा. रेघ उभ्या दिशेपासून जितकी उजवीकडे कललेली, तितकं फूल सूर्याच्या उजवीकडे. रेघ जितका वेळ चालते तितकं फूल लांब.

चौकट पेटीत असते तशी सरळ उभी धरावी लागते, नाहीतर कोनाला काही अर्थ राहत नाही. ओळंब्याचा दोरा लावून ती सावलीत धरली. नाच सुरूच राहिला. एकाने कोनमापकाने कोन वाचला, दुसऱ्याने काठीच्या सावलीवरून सूर्याची दिशा घेतली, खिडकी गटाने नकाशावर रेघ ओढली. वेगवेगळ्या तीन माश्यांच्या रेघा जवळजवळ एकावर एक आल्या. अंतर मात्र काढलं नाही. पुस्तकातली अंतराची मापं युरोपीय माशीची आहेत आणि त्याच अंतरासाठी सातेरीचा नाच जास्त वेळ चालतो. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आतच फिरते, तेवढी रेघ पुरे.

शाळा सुटल्यावर रेघेच्या दिशेने चालत गेलो. शेताच्या बांधापलीकडे सूर्यफुलांचं अख्खं वावर. फुलांवर सातेरी होत्या. त्या आपल्याच पेटीतल्या, हे सिद्ध झालेलं नाही. एका मुलीने ते 'वाटलं'मध्ये लिहिलं, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

२४ जानेवारी

त्याच वावराच्या मालकांना भेटायला चार मुलं आणि मी. फवारणी करायची असेल तर फुलं उमलण्याआधी, आणि तसं जमलंच नाही तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर करा, अशी विनंती केली. सूर्यफुलाचं दाणे भरणं माश्यांवर किती अवलंबून आहे हे मुलांनीच समजावलं. ते म्हणाले, "आदल्या दिवशी निरोप धाडतो." निरोप आला तर संध्याकाळी दारं जाळीने बंद करायची, थाळी झाकायची.

२ फेब्रुवारी

दोन्ही पेट्यांचे तळपाट साफ केले. मेणकिड्याची जाळी एका कोपऱ्यात सापडली, खरवडून जाळली. हे काम आठवड्याला. तळपाट सरकवून काढता येतो, चौकटींना हात लावायची गरज पडत नाही.

नव्या राणीचा पिलावा मागच्या उघडणीत पाहिला, झाकणं सपाट आणि सलग. पेटी दोन सावरली.

१६ फेब्रुवारी

पेटी एकमध्ये नरांची घरं. कामकऱ्यांच्या घरांपेक्षा मोठी, फुगीर झाकणीची, आणि झाकणीच्या मधोमध एक बारीक भोक. भिंगातून मुलांनी रांगच्या रांग पाहिली. हे भोक सातेरीच्या नरघरांचं वैशिष्ट्य आहे, युरोपीय माशीत नसतं. तक्त्याखाली आणखी एक चित्र लागलं. नर वाढणं म्हणजे वसाहत फुटायचा हंगाम जवळ आला. मधकक्ष चढवला.

१२ मार्च

मध. प्रश्न वर्गात आधी आठवडाभर चालला होता: किती घ्यायचा? काही मुलांचं म्हणणं होतं, अजिबात नको. काहींना दोन्ही मधकक्ष रिकामे करायचे होते. मतदान घेतलं नाही, हिशेब मांडला. पुढे फुलांचा तुटवडा येणार, तेव्हा वसाहत साठ्यावर जगते. पिलावा कक्षातला मध तिचा, त्याला हात नाही. पेटी दोन नुकतीच सावरली आहे, तिचाही नाही. पेटी एकच्या मधकक्षातल्या ज्या चौकटींची तीन चतुर्थांशाहून जास्त घरं मेणाने बंद झाली आहेत तेवढ्याच घ्यायच्या. उघड्या घरातला मध अजून पातळ असतो, आणि ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की आंबायची भीती वाढते.

झाकणं सुरीने उतरवली, मधयंत्रात चौकटी फिरवल्या, पोळी शाबूत परत दिली. मेण तयार करायला माश्यांना मेणाच्या कित्येक पट मध खर्चावा लागतो, त्यामुळे पोळं परत देणं हे त्यांच्यासाठी मोठं काम वाचवणं आहे. प्रत्येक बरणीवर मुलांनी चिठ्ठी लावली: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. तान्ह्या बाळाला त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो.

२ एप्रिल

पेटी एकच्या दारावर दुपारी माश्यांची गर्दी, कामाला न जाता झुंबर धरून लटकलेल्या. प्रश्न: राणीघरं कडेला आहेत का? आहेत. खालच्या कडेला ओळीने, दोन बंद झालेली. वसाहत फुटणार.

मधपाळ काका आले आणि त्यांच्या देखरेखीखाली विभाजन केलं. जुनी राणी पिलाव्याच्या तीन चौकटींसह नव्या पेटीत, मेंदीच्या दुसऱ्या टोकाला. बाहेर काम करणाऱ्या माश्या जुन्या जागी परततील, म्हणून आणखी दोन चौकटींवरच्या, पेटीतच काम करणाऱ्या माश्या नव्या पेटीत झटकल्या. राणीघरांपैकी दोन चांगली जुन्या पेटीत ठेवली, बाकी काढली.

१० एप्रिल

जुन्या पेटीतली नवी राणी आजउद्या बाहेर येईल. घर बंद झाल्यापासून साधारण ७-८ दिवस. पुढच्या वर्षीचा गट आजपासून वही घेतो आहे, सुट्टीतली पाळी त्यांनीच लावली. रोज पाणी, दुपारी पेट्यांवर गवताची सावली, वाडगे कोरडे पडू द्यायचे नाहीत, आवक घटली तर मोजणी वाढवायची.

पेटी एकसाठी त्यांनी आज लिहिलेला प्रश्न: नवी राणी अंडी घालते आहे का? तारीख त्यांनी स्वतः काढली आणि मी फक्त तपासली. २६ एप्रिलच्या आधी ते झाकण उघडायचं नाही.